क्लब वस्तीचा झाला पाहिजे

परिषदेचे माननीय अध्यक्ष, उद्घाटक, व्यासपीठावरील मान्यवर, राज्यभरातून आलेले रग्बी क्लबांचे कार्यकर्ते, प्रशिक्षक, पंच, खेळाडू मुला-मुलींनो आणि त्यांना विश्वासाने मैदानावर पाठवणाऱ्या पालकांनो,

स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे करवीरनगरीत मनःपूर्वक स्वागत करतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली या गावाला खासबागेचे कुस्ती मैदान दिले. इथल्या तालमींनी पैलवान घडवले आणि पुढे त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. आमच्या पेठांत तालीम म्हणजे नुसती जोर-बैठकांची जागा नव्हे. कुणाच्या घरी लग्न निघाले, कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचे झाले, की तालमीची पोरे हजर. २०१९ च्या महापुरातही गल्लीगल्लीतली तरुण मंडळी घरदार विसरून पाण्यात उतरली होती. रग्बीच्या क्लबानेही वस्तीत असेच मुरावे, ही आमची इच्छा. ही परिषद कोल्हापुरात भरवण्यामागे तोच हेतू आहे.

मित्रहो, रग्बी या देशाला नवी नाही. १८७२ च्या नाताळात कलकत्त्यात सामना रंगला आणि लगोलग क्लब स्थापन झाला. पण पाच-सहा वर्षांतच गोरी पलटण हलली, साहेबमंडळींचे मन पोलो-टेनिसकडे वळले आणि क्लब बंद पडला. सभासदांनी शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून एक करंडक घडवला. नागाच्या मुठींचा आणि झाकणावर हत्ती असलेला तो ‘कलकत्ता कप’. त्यासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजतागायत झुंजतात. करंडक जगला, क्लब मात्र मेला. माझ्या मते त्याचे कारण उघड आहे. तो क्लब त्या शहराचा नव्हताच. साहेब गेले आणि त्यांच्या मागे मैदान राखायला कोणी उरले नाही.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. भारताकडून रग्बी खेळलेले मॅथ्यू स्पेसी मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर सराव करत. आसपासच्या रस्त्यांवर राहणाऱ्या मुलांना त्यांनी खेळात घेतले. त्यातूनच १९९९ साली ‘मॅजिक बस’ उभी राहिली आणि पुढे खेळातून शिक्षणाकडे नेणारी मोठी संस्था झाली. जलपायगुडी जिल्ह्यातल्या सरस्वतीपूर चहामळ्यात मजुरांच्या मुलींनी हा चेंडू हाती घेतला आणि त्यांतल्या काही जणी भारतीय संघापर्यंत पोहोचल्या. पुण्याच्या वाहबिज भरुचा यांनी भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले. २०१९ मध्ये आपल्या मुलींनी मनिला येथे सिंगापूरला हरवून पंधराजणींच्या रग्बीतला पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. या यशाची मुळे वस्ती-पाड्यांवरच्या मैदानांत आहेत.

उद्या सकाळी आमचा सराव पाहायला अवश्य या. चेंडू बाहेर काढण्याआधी मुले खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभी राहतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत खडे, काचा, खिळे वेचतात. टॅकल झाल्यावर आपलाच मित्र याच जमिनीवर पडणार आहे, हे त्यांना ठाऊक असते. मग फक्कीने रेषा मारल्या जातात. शाळेत ज्याला जाड्या म्हणून चिडवतात, त्याच्यावाचून स्क्रमचे पान हलत नाही. जी किडकिडीत म्हणून मागे राहते, तीच कडेने वाऱ्यासारखी सुटते. प्रत्येक अंगकाठीच्या मुलाला मानाची जागा देणारा हा खेळ आहे.

म्हणूनच आपली जबाबदारी मोठी आहे. लहान मुलांची सुरुवात कमरेच्या पट्ट्या ओढण्याच्या टॅग रग्बीने व्हावी. टॅकल शिकवताना डोके कुठे ठेवायचे, हे आधी घोटून घ्यावे. डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली, तरी त्या मुलाला तत्काळ बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, मग सामना अंतिम फेरीचा का असेना. मुलींसाठी कपडे बदलायला आडोसा, स्वच्छतागृह आणि अंधार पडल्यावर घरापर्यंत सोबत हवी. एवढेही नसेल, तर मुली का टिकत नाहीत असे विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही. आणि मैदान! सभा, प्रदर्शने, वाहनतळ यांच्यासाठी एकेक मैदान हातचे जात आहे. ते वाचवायला क्लब एकटा पुरणार नाही. सगळी वस्ती उभी राहिली पाहिजे. ती उभी राहायची, तर तिच्या सुखदुःखात आपण आधी उभे राहिलेलो असलो पाहिजे.

सामना संपला की यजमान संघाने पाहुण्या संघाला जेवू घालायचे, ही रग्बीची जुनी रीत. कोल्हापूरला ती वेगळी शिकवावी लागत नाही. तांबडा-पांढरा रस्सा तयार आहे. शाकाहारी मंडळींचीही नीट सोय केली आहे. पेठेतल्या माउलींनी पहाटेपासून भाकऱ्या थापल्या आहेत. त्यांचे आणि देणगीदारांचे ऋण मोठे आहे. व्यवस्थेत काही उणे राहिले, तर आपले घर समजून सांभाळून घ्यावे.

या दोन दिवसांत मोकळेपणाने बोला, हक्काने भांडा. मात्र निघताना प्रत्येक क्लबाने एक निश्चय करून निघावे: आपल्या मैदानाच्या हाकेच्या अंतरावरचे एकही मूल, पैसा नाही, बूट नाहीत किंवा मुलगी आहे म्हणून खेळाबाहेर राहणार नाही. या निश्चयासाठीच आपल्याला इथे बोलावले आहे.