तबकडीवरचा धाकटा काटा
(भोर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आषाढ लागला की वेल्ह्यातून तोरणा दिसेनासा होतो. आधी झुंजार माची जाते, मग बालेकिल्ला, आणि पुढे तर पायथ्याच्या खाचरांवरच ढग येऊन टेकतो. इकडे रायरेश्वराच्या पठाराचेही तेच. समुद्रावरून आलेला ओला वारा घाटाच्या कड्याला अडतो, वर चढतो, चढता चढता निवतो आणि माथ्यावर ढग होऊन बसतो. आपण म्हणतो, गड ढगात गेला. भात लावणारा माणूस मान वर करून पाहतो आणि पुन्हा चिखलात वाकतो, कारण गड जिथल्या तिथे आहे हे त्याला ठाऊक असते. विमान चालवणाऱ्याला मात्र तिथे फक्त ढग दिसतो. त्या ढगाच्या पोटात समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर चढलेला तोरण्याचा कातळ आहे, हे कळायला त्याच्यापाशी नकाशा असतो आणि हाताच्या पंजात मावेल एवढी, उंची दाखवणारी एक तबकडी असते. दुसरे महायुद्ध संपल्यावर पुढची पंधरा-वीस वर्षे जगभरची लष्करी विमाने शत्रूची एकही गोळी न लागता पडत राहिली. त्यांच्या चौकशीच्या कागदांवर वारंवार दोन शब्द उमटले : वैमानिकाची चूक. माझे म्हणणे असे आहे की या दोन शब्दांतून अपघाताचे कारण कळत नाही. शेवटच्या क्षणी विमान कोणाच्या हातात होते, एवढेच कळते. कारण शोधायचे तर तिथून मागे चालत जावे लागते.

आधी या पडझडीचा आवाका लक्षात घ्यावा. ब्रिटिश हवाई दलाचे पहिले जेट लढाऊ विमान मीटिऑर. त्या दलाच्या सेवेत असताना सुमारे ८९० मीटिऑर विमाने नष्ट झाली आणि सुमारे ४५० माणसे गेली. १९५२ या एकाच वर्षी त्या दलाने सर्व जातींची मिळून पाचशेच्या आसपास विमाने गमावली आणि तीनशेहून अधिक जण दगावले. युद्ध थांबून तेव्हा सात वर्षे झाली होती. ही माणसे बहुतेक पंचविशीच्या आतबाहेरची, सरावाच्या उड्डाणांत गेलेली. आपल्याकडे १९४८ च्या अखेरीस व्हॅम्पायर ही पहिली जेट विमाने आली आणि पुढे ती बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये बांधलीही गेली. या एक-आसनी व्हॅम्पायरमध्ये संकटात वैमानिकाला आसनासकट बाहेर फेकणारी यंत्रणा नव्हती. काचेचे छत उघडून, वाऱ्याच्या माऱ्यातून स्वतःच्या हातापायांच्या बळावर बाहेर पडायचे. अशा विमानातून एखादा तरुण वेळेत बाहेर पडू शकला नाही, तर त्याने निर्णयाला उशीर केला असे लिहिणे सोपे होते. आसन तसे का बनवले, हा प्रश्न त्या वाक्याखाली गाडला जात होता.

मीटिऑरकडेच जरा जवळून पाहू. त्याची दोन इंजिने दोन पंखांवर, एकमेकांपासून बरीच लांब. एक बंद पडले की चालू इंजिन विमानाला एका बाजूला ओढते आणि ती ओढ वैमानिकाला पायाच्या जोराने सुकाणूवर तोलून धरावी लागते. वेग एका मर्यादेखाली उतरला की पायात कितीही बळ असले तरी विमान आवरत नाही, ते उलटते. याची सवय व्हावी म्हणून शिकाऊ वैमानिकांना जमिनीपासून थोड्या उंचीवर मुद्दाम एक इंजिन बंद करून उतरायला लावत. परिणाम असा झाला की खरोखर इंजिन बंद पडून जेवढी माणसे गेली, त्याहून अधिक हा सराव करताना गेली. यातला प्रत्येक अपघात सुटा वाचला तर मुलाने वेग पडू दिला, चूक त्याची, असेच दिसते. सगळे कागद एकत्र मांडले की उलगडते की चूक शिकवण्याच्या पद्धतीत होती. ती पद्धत बदलायला इतकी वर्षे आणि इतके जीव लागले, कारण प्रत्येक कागद वेगळ्या माणसाच्या नावाने बंद झाला होता.

मागे चालत जाण्याची ही रीत पहिल्यांदा नीट घालून दिली ती अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी. युद्ध चालू असतानाच एक कोडे पडले होते. बी-१७ जातीची बाँबफेकी विमाने सुखरूप उतरत, धावपट्टीवर धावू लागत, आणि तेवढ्यात वैमानिक चाके आत ओढून घेत. विमान पोटावर बसे. शिकलेसवरलेले, लढाईतून परतलेले वैमानिक असे का करतात? अल्फॉन्स चापानिस यांनी कॉकपिट पाहिले. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप वर घेण्याचा खटका आणि चाके वर घेण्याचा खटका शेजारी शेजारी होते आणि हाताला सारखेच लागत होते. उतरल्यावर फ्लॅप वर घ्यायचे असतात. थकलेला हात शेजारच्या खटक्यावर जाई. डाकोटा विमानात या दोन गोष्टींची रचना निराळी होती आणि तिथे हा घोटाळा होत नव्हता. माणसे त्याच दलातली, शिक्षणही तेच.  पुढे १९४७ साली पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांकडून चुकांचे ४६० प्रसंग गोळा केले. त्यांतले निम्मे एका कळीऐवजी दुसरी कळ हाताळण्याचे निघाले. ज्याला आपण हलगर्जीपणा म्हणतो तो इतक्या वेगवेगळ्या माणसांकडून त्याच ठिकाणी, त्याच तऱ्हेने घडत असेल, तर त्या ठिकाणाची तपासणी व्हायला हवी.

आता तबकडीकडे वळतो. त्या काळच्या उंचीमापकात तीन काटे असत. लांब काटा फुटांचे शेकडे दाखवी, मधला हजार, आणि सगळ्यांत धाकटा दहा हजार. म्हणजे जो काटा सगळ्यांत मोठी गोष्ट सांगतो तोच सगळ्यांत लहान, आणि बऱ्याचदा दुसऱ्या काट्याखाली दडलेला. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर ग्रेथर यांनी १९४९ मध्ये लष्करी वैमानिकांकडूनच ही तबकडी वाचून घेतली. एका वाचनाला सरासरी सात सेकंद लागले आणि सुमारे १२ टक्के वाचनांत हजार फूट किंवा त्याहून जास्त फरक पडला. घरात बसून, उजेडात, कोणतेही संकट नसताना. ताशी ६०० किलोमीटरने जाणारे विमान सात सेकंदांत एक किलोमीटरहून अधिक पुढे गेलेले असते. राजगडावरून तोरण्याला डोंगरधारेने चालत जायला आपला जवळजवळ सगळा दिवस मोडतो. ते अंतर अशा विमानाला मिनिटभराचे. तरीही ही तबकडी पुढे वर्षानुवर्षे विमानांत राहिली. २४ डिसेंबर १९५८ रोजी इंग्लंडमध्ये एक ब्रिटानिया विमान चाचणी उड्डाणावर असताना कोसळले, बारांपैकी नऊ जण गेले. चालकांच्या समजुतीप्रमाणे ते साडेअकरा हजार फुटांवर होते. प्रत्यक्षात दीड हजारांवर. धाकटा काटा त्यांच्या नजरेतून सुटला होता. ते विमान नागरी होते, पण काटे तेच होते.

तबकडी बरोबर वाचली तरी एक पेच उरतो, आणि तो आपल्या डोंगरांसाठी फार महत्त्वाचा आहे. उंचीमापक खरे तर हवेचा दाब मोजतो. शून्य कुठे धरायचे ते माणूस ठरवतो. काही दलांत विमानतळाची जमीन शून्य धरत, काही ठिकाणी समुद्रसपाटी. लोहगावचा विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण १,९४० फूट वर आहे. तोरण्याचा माथा ४,६०० फुटांवर. लोहगाव शून्य धरले तर तोरणा काट्यावर अवघा २,६६० फुटांचा ठरतो. आता एखाद्या वैमानिकाचा काटा समुद्रसपाटीवर लावलेला आहे आणि त्याला वाटते आहे की तो लोहगाववर लावलेला आहे. काटा ३,६०० दाखवतो. तो मनात हिशेब करतो : डोंगर २,६६०, आपण त्याच्या नऊशे फूट वर. खरे पाहता तो माथ्याच्या हजार फूट खाली आहे आणि समोर आषाढातला ढग आहे. हे उदाहरण मी समजावण्यासाठी रचलेले आहे, आकडे मात्र आपल्याच मुलखातले आहेत. इथे चूक कोणाची? त्या माणसाची तर आहेच. पण एकाच आकड्याला दोन अर्थ देणारी रीत ज्यांनी चालू ठेवली, त्यांचा भाग मोठा आहे असे मला वाटते.

इकडच्या डोंगरांनी अशा चुकांची किंमत वसूल केलेली आहे. १२ जुलै १९४९ रोजी केएलएमचे कॉन्स्टेलेशन विमान पावसात मुंबईला उतरताना घाटकोपरच्या टेकडीवर आदळले, ४५ जण गेले. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री अलिटालियाचे डीसी-८ आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरच्या डोंगरात आदळले, विमानातले सर्व ९४ जण गेले. दोन्ही नागरी विमाने, दोन्ही जुलैतली. अलिटालियाच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की आपण मुंबईच्या जास्त जवळ आलो आहोत असे समजून चालकाने लवकर खाली यायला सुरुवात केली. सोबत आणखी एक गोष्ट नोंदली गेली : मार्गातल्या डोंगराळ प्रदेशाची त्याला पुरेशी ओळख नव्हती. मला हे दुसरे वाक्य पहिल्यापेक्षा मोलाचे वाटते. पहिल्या वाक्याशी चौकशी थांबते. दुसऱ्यातून पुढचा प्रश्न निघतो, ती ओळख करून देणे कोणाचे काम होते?

यावर एक आक्षेप सरळ येतो. काही माणसे खरोखरच निष्काळजी असतात. सगळा दोष यंत्राला आणि रीतीला दिला तर जबाबदारी कोणाचीच उरणार नाही. आक्षेप गंभीर आहे, म्हणून मुद्दाम असे उदाहरण घेतो जे वरवर त्याच्या बाजूचे आहे. २० डिसेंबर १९५२ रोजी अमेरिकेत मोझेस लेकजवळ सी-१२४ हे प्रचंड मालवाहू विमान उड्डाण करताच कोसळले. नाताळला घरी निघालेले सैनिक होते, ८७ गेले. उभ्या विमानाच्या शेपटीच्या झडपा वाऱ्याने हापटू नयेत म्हणून त्या अडकवून ठेवतात. तो अडसर काढायचाच राहिला होता. उड्डाणाआधी सुकाणू हलवून पाहिले असते तर लगेच कळले असते. चूक उघड आहे, मी ती झाकत नाही. तरी एक साधी गोष्ट विचारू या. झडपा अडकलेल्या असताना इंजिनांना पूर्ण जोर देता येतोच कसा? अडसर लावलेला असेपर्यंत इंजिनाचा दांडा पुढे सरकूच नये, अशी रचना करता येते, आणि अनेक विमानांत ती केलेली आहे. विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे, तो शिक्षेने जात नाही. ज्याने विसरले तो बहुतेक वेळा त्याच विमानात मरण पावलेला असतो. त्याहून मोठी शिक्षा कोणते लष्करी न्यायालय देणार आहे?

दुसरा आक्षेप लष्करी मनाचा आहे. युद्धाची तयारी करायची तर जोखीम घ्यावीच लागते. जास्त उडाल तर जास्त पडाल. हे खरे असते तर तासांच्या मानाने अपघातांचे प्रमाण कायम राहिले असते. अमेरिकी हवाई दलात १९४७ साली दर लाख उड्डाणतासांमागे गंभीर अपघात चाळीसच्या वर होते; १९६० च्या सुमारास ते प्रमाण एक अंकी झाले. विमाने या काळात अधिक वेगवान आणि अधिक अवघड झाली होती. शूरपणा कमी झाला म्हणून आकडा उतरलेला नाही. जोखमीतला जो भाग निष्कारण होता तो शोधून काढला गेला. ८ फेब्रुवारी १९५६ चा प्रसंग पाहा. इंग्लंडमध्ये आठ हंटर विमाने सरावाला निघाली, अचानक हवामान बिघडले, तळावर उतरता येईना, दुसऱ्या तळाकडे वळेपर्यंत इंधन संपत आले. आठांपैकी सहा पडली, एक वैमानिक गेला. आठ जणांनी एकाच वेळी बेफिकिरी केली असे कोण म्हणेल? इतकी थोडी इंधनशिल्लक ठेवून, फिरत्या हवेत, आठही विमाने एकदम वर पाठवण्याचा निर्णय जमिनीवर झाला होता.

तिसरा आक्षेप गुप्ततेचा, आणि आपल्या देशात तो सर्वांत जड आहे. लष्करी अपघाताची कारणे जाहीर केली तर शत्रूला कमजोरी कळेल, म्हणतात. काही तपशील झाकावे लागतात, हे मान्य. पण कॉमेट या ब्रिटिश प्रवासी जेट विमानाचा धडा विसरू नये. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. फार्नबरो येथे एका कॉमेटचा सांगाडा पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा वाढवला-उतरवला, आणि धातू थकून चिरतो हे डोळ्यांसमोर सिद्ध झाले. ते सगळे चौकशीत उघडपणे मांडले गेले. इंग्लंडच्या प्रतिष्ठेला धक्का बसला, पण पुढची प्रत्येक जेट त्या चिरेपासून शिकली. आपल्याकडे २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळ एक हेलिकॉप्टर तारांना अडकून पडले. त्यात लेफ्टनंट जनरल दौलत सिंग, लेफ्टनंट जनरल बिक्रम सिंग, एअर व्हाइस मार्शल पिंटो, मेजर जनरल नानावटी आणि ब्रिगेडियर ओबेरॉय हे सारे वरिष्ठ अधिकारी एकाच वेळी गेले. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सोधी हेही गेले. तार चुकवणे वैमानिकाच्या हाती होते असे म्हणता येईल; इतके सेनानी एका यंत्रात बसवणे त्याच्या हाती नव्हते. ही गोष्ट सर्वांना कळली म्हणूनच वरिष्ठांनी एकत्र प्रवास करू नये हा दंडक लोकांच्याही तोंडी झाला. जे उघड झाले ते टिकले.

आपल्या डोंगरापलीकडे, खडकवासल्याला, १९५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. लोहगावची लढाऊ विमाने या मावळावरून जातात. हिरडस मावळात आणि कानद खोऱ्यात ज्यांचा मुलगा सैन्यात आहे अशी घरे आपण सगळे ओळखतो. अशा एखाद्या घरी अपघाताची बातमी आली तर मागे उरलेल्यांना काय कळायला हवे? मुलाने चूक केली, एवढेच कळणे हा त्या मुलावर अन्याय आहे, आणि त्याच आसनावर उद्या बसणाऱ्यावर त्याहून मोठा. काटा कोणता होता, शून्य कुठे धरले होते, हवामानाचा निरोप कधी मिळाला, शिकवताना काय सांगितले होते, हे त्या घराने विचारावे आणि त्याला उत्तर मिळावे.

चापानिस यांनी सुचवलेला उपाय अगदी स्वस्त होता. चाकांच्या खटक्याला रबराचे छोटे चाक लावायचे, फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा. आजही विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ चाकासारखी गोल असते. बाहेर ढग असतो, डोळे तबकडीवर खिळलेले असतात, आणि हात न बघता पुढे जातो. आपण चाक धरले आहे की दुसरेच काही, ते बोटांना कळते.