आजी, आई आणि लेखिका

लेखिकेला प्रेरणा कोठून मिळते, असे विद्यार्थी पुष्कळदा विचारतात. अशा वेळी मी कादंबरीकार गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांच्या घराकडे बोट दाखवतो.

गौरीबाईंची आजी म्हणजे बाया कर्वे. बालविधवा गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकल्या आणि १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. मुरूड गावाने या जोडप्यावर बहिष्कार घातला. आई इरावती कर्वे. त्यांनी बर्लिनला जाऊन डॉक्टरेट मिळवली, आणि ‘युगान्त’मध्ये कुंती, गांधारी, द्रौपदी यांच्याकडे माणूस म्हणून पाहिले.

आता गंमत पाहा. आजीने लग्नासाठी गावाचा रोष पत्करला. नातीच्या ‘एकेक पान गळावया’ (१९८०) या पुस्तकातल्या बायका लग्नालाच प्रश्न विचारतात. वरवर हे उलटे दिसते. पण माझ्या मते धागा एकच, माझ्या आयुष्याचे मी ठरवीन. नातीने आजीची गोष्ट गिरवली नाही, तिचे धाडस उचलले.

तुम्ही म्हणाल, ही पुण्याची नामवंत माणसे, आमचे काय? वाळूजच्या कारखान्यांत आज ज्या मुली कामाला जातात, त्यांना शाळेत घालण्याचा हट्ट कोणीतरी धरलाच असेल ना? पुष्कळ घरी ती आजीच असते. तिची गोष्ट कोणी लिहीत नाही, म्हणून ती तिच्याबरोबरच जाते. गुरुजींनो, यंदा निबंधाला ‘माझी आजी’ हा विषय द्या. मात्र आजी किती प्रेमळ, हे नको. तिने कोणाचे न ऐकता काय केले, ते तिलाच विचारून लिहायला सांगा.