ट्रॉली सडकेवर काढण्याआधी



धानाची मळणी आटोपली की ट्रॉली बाहेर निघते. पावसाळाभर ती चिखलात उभी असते. चाकाच्या हबमध्ये पाणी शिरून ग्रीस निकामी होतं. म्हणून पहिली खेप भरण्याआधी एवढं कराच.

चाक जॅकवर उचलून वरखाली हलवा. खडखडलं तर बेअरिंग ढिली आहे. डिझेलनं धुऊन, वाळवून नवं ग्रीस भरा. चाक मोकळं फिरेल इतकाच नट आवळा, स्प्लिट पिन नवी घाला.

कोठारीहून बल्लारपूरला येताना वाटेत थांबा, हबजवळ हात न्या. एकच हब तापलं असेल तर बेअरिंग कोरडी किंवा जास्त आवळलेली समजावी. तसंच पुढं रेटू नका.

हूकमध्ये पिनेऐवजी सळईचा तुकडा कदापि घालू नये. दोन चाकी ट्रॉलीत माल मागं जास्त झाला, तर ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडतात.

मागं लाल रिफ्लेक्टर हवेतच. रात्री पंक्चर होऊन उभी राहिलेली ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही. अन् निघताना चाकाखालचे दगड सडकेवर सोडू नका. मागून येणारा आपल्याच गावचा पोरगा असतो.