अठराचा आकडा

गणवेशातच येऊन मागच्या रांगा भरून टाकलेल्या नर्सिंगच्या मुलामुलींनो,

शेजारी बसलेल्याचे श्वास मोजा बघू. पूर्ण एक मिनिट. त्याला सांगू मात्र नका. कळलं की माणूस श्वास सांभाळून घ्यायला लागतो आणि मोजणी फुकट जाते. म्हणून तर नाडी मोजून झाली तरी आम्ही मनगट सोडत नाही. रुग्णाला वाटतं, सिस्टर अजून नाडीच बघताहेत. आपली नजर असते त्याच्या छातीवर.

मोठ्या माणसाचे मिनिटाला १२ ते २० श्वास, हे तुम्हाला पाठ आहे. आता वॉर्डातला चार्ट उघडा. १८, १८, २०, १८. चाळीस खाटा आणि सगळ्यांची लय एकच! ताप थर्मामीटर सांगतो, बीपी मशीन सांगतं. श्वासांसाठी खाटेपाशी उभं राहावं लागतं, आणि रात्रपाळीला एकटीच्या हाती सगळा वॉर्ड असताना ते एक मिनिट कुठून आणायचं? हे मी अधिसेविका असताना बोलायला हवं होतं. निवृत्तीनंतर बोलतेय. असो.

एक रात्र सांगते, २०१० च्या आसपासची. साठीचे गृहस्थ, आतड्याच्या ऑपरेशनचा चौथा दिवस. ताप नाही, बीपी ११०/७०. नाकाला ऑक्सिजन, बोटावरचं यंत्र ९६ दाखवतंय. बाराच्या सुमारास त्यांच्या बायकोने मला हटकलं, "सिस्टर, हे दुसरी उशी मागताहेत. घरी एकसुद्धा घेत नाहीत कधी."

मी मनगट धरलं. नाडी ११२. श्वास २८.

शरीरात जंतुसंसर्ग पसरू लागला, पेशींना रक्त पुरेनासं झालं, की रक्तातलं आम्ल वाढतं. ते कमी करायला मेंदू कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला लावतो, म्हणजे श्वास भराभर होतात. बीपी तेव्हा अजून तग धरून असतं. आणि ऑक्सिजन चालू असताना ते ९६ टिकवायला माणसाला किती धापावं लागतंय, हे बोटावरचं यंत्र सांगत नाही. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली 'न्यूज' ही गुणपद्धत आणली. तिच्यात श्वास २५ किंवा त्याहून जास्त असले की त्या एकाच नोंदीला पुरे ३ गुण पडतात, आणि डॉक्टरांना तातडीने बोलवायचं असतं.

मी फोन केला. "डॉक्टर, पेशंट बरा वाटत नाही."

"बीपी?"

"११०."

"मग सकाळी बघतो."

मी चिडले. पण 'बरा वाटत नाही' एवढ्यावर अर्ध्या झोपेतल्या माणसाने काय करायचं? पाच मिनिटांनी पुन्हा लावला. "आतड्याचं ऑपरेशन, चौथा दिवस. श्वास २८, नाडी ११२. सहा तासांत लघवी जेमतेम १०० मिली, पोट फुगलंय. टाका सुटला असेल असं वाटतंय. तुम्ही आत्ता या." ते आले. पहाटे पुन्हा पोट उघडलं. आतड्याचा जोड गळत होता. गृहस्थ वाचले.

क्रिस्टीन टॅनर या अमेरिकी अभ्यासक बाईंनी २००६ साली परिचारिकेच्या निर्णयाचे चार टप्पे मांडले: लक्षात येणं, अर्थ लावणं, पाऊल उचलणं, मागे वळून पाहणं. परीक्षेत तुम्ही ते लिहालच. त्या रात्री पहिला टप्पा माझा नव्हता. तो बायकोचा होता. हा माणूस रोज कसा झोपतो, हे वॉर्डात तिला एकटीला ठाऊक होतं.

चौथा टप्पा माझा. सकाळी चार्ज देताना मी चार्ट उघडला. रात्री १० च्या रकान्यात, माझ्याच अक्षरात, श्वास १८.