मूठ आणि नेम



पन्नास मीटर पिस्तूल या प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा 50 मिलिमीटर असतो. म्हणजे बेताच्या लाडवाएवढा. नेमबाजाने एका हाताने, कोणत्याही आधाराविना, तेथे साठ गोळ्या झाडावयाच्या असतात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर हा प्रकार ऑलिंपिकमधून वगळण्यात आला. तथापि पिस्तुलाची आणि हाताची परीक्षा पाहणारा याच्याइतका कठोर प्रकार दुसरा नाही.

कारखान्यातून तयार येणारे पिस्तूल अचूक, की हाताच्या मापाने बेतून घेतलेले, असा वाद नेमबाजांत नित्य चालतो. वस्तुतः हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो. नामांकित कारखान्याचे पिस्तूल शिकंज्यात आवळून, त्याला मानवणाऱ्या गोळ्यांनी पन्नास मीटरवर झाडले, तर सारी छिद्रे दहाच्या वर्तुळात सहज मावतात. नळीत खोट नसते. शिकंजा काढून तेथे मनुष्याचे मनगट आले, की खरा प्रश्न सुरू होतो.

त्याचे गणित सोपे आहे. हात न वाकता सबंध पाच मिलिमीटर बाजूला सरकला, तर गोळीही साधारण पाचच मिलिमीटर सरकते. दहा गुण शाबूत राहतात. परंतु पुढची माशी आणि मागची खाच यांत 220 मिलिमीटर अंतर असताना माशी खाचेच्या मध्यापासून एक मिलिमीटर ढळली, तर पन्नास मीटरवर गोळी सुमारे 227 मिलिमीटर दूर जाते! हाताच्या कंपाने होणारे नुकसान किरकोळ, मनगटाच्या कोनाने होणारे मात्र भयंकर. मूठ हातात नीट बसली नसेल, तर प्रत्येक वेळी मनगट पिळून माशी खाचेत आणावी लागते, आणि ट्रिगर दाबण्याच्या क्षणी ते ताणलेले स्नायू आपल्या मूळ जागी जाऊ पाहतात.

इतिहासही हेच सांगतो. सोव्हिएत नेमबाज अलेक्सांद्र मेलेंतिएव्ह यांनी 1980 च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये 600 पैकी 581 गुण मिळविले. दक्षिण कोरियाच्या जिन जोंग-ओ यांनी तो विक्रम मोडला तो 2014 मध्ये, 583 गुणांनी. चौतीस वर्षांत कारखान्यांनी किती सुधारणा केल्या असतील! पदरात पडले दोन गुण.

याचा अर्थ कारखान्याचा माल टाकाऊ, असा मुळीच नव्हे. नळी, ट्रिगर, तोल ही कारखान्याचीच कामे. हौशी कारागिराने तेथे हात घालू नये. मुठीचे मात्र तसे नाही. लहान, मध्यम, मोठी अशा ठरावीक मापांत जगातले सारे पंजे कसे बसावेत? म्हणूनच हाताचा आराखडा मागवून लाकडी मूठ कोरून देणारे कारागीर युरोपात आहेत. पैसा नसेल तर कानस, पॉलिश कागद आणि लाकडाची लुकण एवढ्यावरही काम भागते. नवशिक्या मुलाचे गुण अडले, की पालक कर्ज काढून महागडे पिस्तूल घेण्याच्या विचारात पडतात. त्याआधी हा खर्च करून पाहावा. तो नगण्य आहे.

मूठ जमली की नाही, याची कसोटी घरच्या घरी होते. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी. डोळे मिटून ते पकडावे, हात उचलावा, मग डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्यावर दिसली तर उत्तम. दर वेळी ती एकाच बाजूला दिसली, तर दोष मुठीत असण्याचा संभव अधिक. कधी इकडे तर कधी तिकडे दिसली, तर सराव कमी पडतो आहे आणि कानशीला हात लावू नये. एका बैठकीत थोडेच घासावे, दोन-चार दिवस सराव करून मग पुढचे. घासलेले लाकूड लुकणाने भरता येते, पण तो द्राविडी प्राणायाम होतो. उन्हाळ्यात पंजा किंचित सुजतो, तेव्हा भर मे महिन्यात केलेले माप डिसेंबरात सैल वाटते. चौदा वर्षांच्या मुलासाठी केलेली मूठ तर वर्ष-दोन वर्षांत पुन्हा करावीच लागते.