मुलाखतीला जाताना
(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



नोकरीच्या मुलाखतीविषयी चार शब्द सांगावेत, अशी संस्थेने मला आज्ञा केली. निवड समित्यांवर मी पुष्कळ वर्षे बसलो आहे. पण आज सुरुवात करतो ती उमेदवाराच्या खुर्चीपासून. कारण मुलाखत म्हणजे काय, हे मी त्या खुर्चीवर बसूनच शिकलो.

१९७८ सालची गोष्ट. मी मोमिनपुऱ्यातला मुलगा. अब्बा हातमागावर लुगडी विणत, अम्मी कांड्या भरून देत असे. धोट्याच्या खटखटीनेच आम्हा भावंडांची सकाळ होत असे. पदवी घेतली, अर्ज केला, मुलाखतीचे बोलावणे आले. आदल्या रात्री एका हितचिंतकांनी सल्ला दिला, "वडील विणकर आहेत असे सांगू नकोस. कापडाचा व्यापार आहे म्हण. वजन पडते."

मी तसेच म्हटले. समितीतील एका गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने विचारले, "वा! दुकान इतवारीत का? माल कोणत्या गिरणीचा ठेवता?" मी एक नाव ठोकून दिले. "ठोक की किरकोळ? उधारी किती दिवसांची देता?" माझ्या घशाला कोरड पडली. त्यानंतर अभ्यासातले जे प्रश्न आले, त्यांची येत असलेली उत्तरेही मला आठवेनात. एक खोटे सांभाळण्यातच सारी बुद्धी खर्ची पडली होती. नोकरी गेली, त्याचे दुःख झालेच. पण घरी येताच अब्बांनी माग थांबवून विचारले, "क्या पूछा, बेटा?" तेव्हा मला मान वर करता आली नाही, त्याचे दुःख आजही आहे.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कार्यालयात मुलाखत झाली. तोच प्रश्न आला. मी सांगितले, "वडील हातमागावर विणतात." अध्यक्षांनी विचारले, "सुताला नंबर असतो म्हणतात, तो कशाचा?" नंबर जितका मोठा तितके सूत बारीक, हे मी सांगितले. ताणा म्हणजे काय, बाणा म्हणजे काय, सूत महागले तरी विणकराची मजुरी का वाढत नाही, यंत्रमागापुढे हातमाग का टिकत नाही, हे सारे मी दहा मिनिटे बोलत होतो. ते पुस्तकातले नव्हते, घरातले होते. नोकरी मिळाली. खरे बोललो म्हणून बक्षीस मिळाले, असे मी म्हणत नाही. अभ्यासही केला होता. पण त्या दिवशी तो अभ्यास मला आठवला, कारण मनात चोर नव्हता.

मित्रहो, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात. आयोगाने परीक्षेच्या नियमांतच म्हटले आहे की, ही उलटतपासणी नव्हे, तर स्वाभाविक पण हेतुपूर्ण असे संभाषण आहे. आणि त्यातून पाहावयाच्या गुणांमध्ये प्रामाणिकपणाही आहे. प्रश्न बहुधा तुम्ही भरलेल्या अर्जातूनच निघतात. तुमचे गाव, तुमचा विषय, तुमचा छंद. म्हणून अर्जात नसलेला छंद लिहू नका. 'वाचन' असे लिहिणाऱ्या किती तरी मुलांना शेवटचे पुस्तक कोणते वाचले, हे मला सांगता आलेले नाही. मुख्य परीक्षा मराठीतून लिहिणाऱ्यास तेथे मुलाखतही मराठीतून देता येते. उत्तर येत नसेल तर "माफ करा, मला माहीत नाही" असे शांतपणे म्हणा. त्याने फार तर एका प्रश्नाचे नुकसान होते. थाप मारल्याने बाकीच्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो.

मात्र खरेपणा म्हणजे मनातले सगळे ओतून देणे नव्हे. घरचे भांडण, जुन्या मालकाची निंदा यांना तेथे जागा नाही. न विचारलेले सांगू नका. विचारलेले लपवू नका. वडिलांच्या आजारपणात शिक्षण सोडून दोन वर्षे सायकलचे दुकान सांभाळले असेल, तर ती दोन वर्षे झाकू नका. तो अनुभव आहे.

आता आपल्या मनातला कठीण प्रश्न. पालक मला विचारतात, "साहेब, नाव वाचूनच दार लावले तर?" मी खोटा दिलासा देणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावाचा ठेवला. मुस्लिम नावांना बोलावणी बरीच कमी आली. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हटले पाहिजे. पण दोष नावाचा नाही, हेही मुलांना सांगितले पाहिजे.

जालना जिल्ह्यातील अन्सार शेख हे रिक्षाचालकाचे चिरंजीव. पुण्यात शिकताना खोली मिळावी म्हणून त्यांना 'शुभम' हे नाव सांगावे लागले होते. २०१५ च्या नागरी सेवा परीक्षेत, वयाच्या २१ व्या वर्षी, ते ३६१ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. निकालानंतर ही हकीकत त्यांनी स्वतःच वर्तमानपत्रांना सांगितली. दुसरे नाव घ्यावे लागले, याची लाज त्यांना नव्हे, घ्यायला लावणाऱ्यांना वाटली पाहिजे. खोली शुभमला मिळाली. अधिकारी मात्र अन्सार शेख झाले.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात भारतीय प्रशासन सेवेतील मुसलमानांचे प्रमाण अवघे ३ टक्के दिसले. पण त्याच अहवालात असेही नोंदले आहे की, नागरी सेवा परीक्षेला जे बसतात, त्यांच्या यशाचे प्रमाण इतरांइतकेच आहे. म्हणजे बसणारेच थोडे आहेत. दार लागलेले असेल या भीतीने आपण दारापर्यंत जातच नाही, असे तर नाही ना? शिवाय १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट 'क' आणि गट 'ब' अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच राहिलेली नाही. तेथे तर लेखी परीक्षेची तयारी हीच शिफारस.

पालकांना माझी एकच विनंती. तुम्ही फळांची गाडी लावत असाल, शिवणकाम करत असाल, गॅरेजमध्ये हात काळे करत असाल. मुलामुलींना एक दिवस तेथे शेजारी बसवा, हिशोब समजावून सांगा. मग घरीच विचारा, "तुझे वडील काय करतात? आई काय करते?" ते उत्तर त्यांना मान वर करून देता आले, की मुलाखतीची अर्धी तयारी झाली.

आणि विद्यार्थी मित्रहो, १९७८ साली मी चुलतभावाचे बूट घालून मुलाखतीला गेलो होतो. बूट उसने असले तरी चालतात. घर मात्र उसने घेऊन जाऊ नका.