पालकांनो, जानेवारीचं पान उलटा

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी जानेवारी म्हणजे नुसती धावपळ. 3 तारखेला सावित्रीबाई फुले जयंती, शाळेत भाषणं आहेतच. 12 तारखेला जिजाऊ जन्मोत्सव. 1598 साली ज्या वाड्यात जिजाऊ जन्मल्या, तो लखुजीराव जाधवांचा वाडा आपल्याच सिंदखेडराजात आहे. त्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते. वाडा नीट दाखवायचा तर दुसरा दिवस निवडा. 26 जानेवारीची कवायत आहेच. 2 फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. 2020 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेलं लोणार सरोवर दाखवायला यापेक्षा चांगलं निमित्त नाही.

आता महत्त्वाचं. शिष्यवृत्ती परीक्षा साधारण फेब्रुवारीत असते. नेमकी तारीख शाळेतूनच घ्या. उच्च प्राथमिक शिष्यवृत्तीच्या पेपरात एक गोम आहे. काही प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही वर्तुळं रंगवावी लागतात. हुशार पोरंही इथेच फसतात. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवून घ्या आणि प्रवेशपत्रावरचं नाव, जन्मतारीख हाती पडताच तपासा. चूक दिसली तर त्याच दिवशी मुख्याध्यापकांना गाठा.